बसून दाखवायची नोकरी

आता तुम्ही म्हणायलाव की नागोराव, तुमचं आयुष्य सांगा, मी लिहून घेतो, तर काय सांगू तुम्हाला, माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच की मी बसलो. हसू नका, खरं तेच सांगायलो. आमचं गाव देगलूरच्या पलीकडं, जुन्या हैदराबाद राज्यातलं, घरी ज्वारीचं रान, थोडी तूर, आणि आमचे आजे-पंजे सगळे उभ्यानं जगलेले, पेरणीला उभे, काढणीला वाकलेले, बसायचे ते फक्त जेवायला, आणि अशा खानदानात मी एकटा असा निघालो की ज्यानं बसायचा पगार खाल्ला. चुलता इकडं हैदराबादला रेल्वेत होता, काचीगुड्याला राहायचा, मॅट्रिक झाल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं, म्हणला गावात काय करतोस, ये इकडं, आणि आबिड्सला एका सेठच्या फर्निचरच्या दुकानात चिकटवून दिलं. पहिल्यांदा झाडू मारला, मग हातगाडीवर माल पोचवला, मग सेठ म्हणले नागोराव, तू चेहऱ्यानं भोळा दिसतोस, तू गिऱ्हाइकापुढं राहा.

सेठची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला आधी बसवायचं नाही, आधी आपण बसायचं. उभ्या माणसाला भाव सांगितला की तो घासाघीस करतो, पण त्याच्यासमोर एक माणूस पाठ टेकून बसलाय, डोळे अर्धे मिटलेत, आणि उठायचं नाव घेईना, हे बघितलं की गिऱ्हाइकाचे पाय आपोआप दुखायला लागतात. मग उठायचं, हातानं गादी पुसायची आणि म्हणायचं बसा साहेब. आमच्या दुकानात त्याला बसून दाखवणं म्हणायचे, आणि ते माझ्याइतकं कुणाला जमायचं नाही, बढाई म्हणून नाही सांगत, सेठ दुसऱ्या पोरांना म्हणायचे नागोरावकडं बघा, कसा खुर्चीत उतरतो.

मग ते नवं धोरण आलं, तुम्हाला माहीतच आहे, बाहेरच्या कंपन्या आल्या, पेपरात रोज तेच, आणि आबिड्सला बघता बघता जिकडं तिकडं ऑफिसं, कॉम्प्युटरचे क्लास, एसटीडीचे बूथ, शेअरवाले. वेताच्या खुर्च्या कुणाला नकोत. सगळ्यांना फिरती खुर्ची पाहिजे, खाली चाकं, बाजूला दांडी, ओढली की माणूस वर, दाबली की खाली. आम्हाला तर चहा प्यायला फुरसत नव्हती, म्हणजे चहाच प्यायला फुरसत होती, जेवायला नव्हती. इराणी हॉटेलातून चहा यायचा, त्याच्यात बिस्किटं बुडवायची, दुपारी मिरची भजी, आणि शांता, म्हणजे आमची मंडळी, सकाळी भाकरीचा डबा बांधून द्यायची तो संध्याकाळी तसाच घरी. पाणी तर मी प्यायचोच नाही, कारण दुकानाचा संडास मागच्या गल्लीत, किल्ली सेठच्या गल्ल्यात, प्रत्येक वेळेला सगळ्यांदेखत मागायची. नक्को म्हणायचो बाबा, न पिलेलं बरं. सकाळी घरी कळ आली तरी दाबून धरायचो, बस चुकायची म्हणून.

आणि घरचं तर विचारूच नका. काचीगुड्याला आम्ही दोन खोल्यांत, अंगणात एकच संडास, चार बिऱ्हाडांना मिळून, आणि आमच्या पाठीमागं नंबर असायचा सुब्बम्माचा. ती तेलुगू बाई, बादली आपटून बाहेरून ओरडायची, एमय्या, अयिपोयिंदा, म्हणजे काय हो, झालं का. जन्मभर तिनं मला तेच विचारलं. त्या उन्हाळ्यात एका सकाळी मी आत बसलो आणि काय सांगू तुम्हाला, काच फुटल्यासारखं झालं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि बाहेरून अयिपोयिंदा. मनात म्हणलं बाई, मीच अयिपोयिंदा. थोडं रक्त दिसलं, लालभडक, आणि नंतर दुकानात जाईपर्यंत नव्हे, पार दुपारपर्यंत अशी आग की बसमध्ये जागा रिकामी असून मी दांडा धरून उभा.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं, डॉक्टरला दाखवलं असतं. मी घरी सांगितलं कंबर दुखायली. त्या जागेचं दुखणं बायकोला कसं सांगायचं, सांगा तुम्ही. घरात लग्नाची पोरगी. कंबर म्हणलं की इज्जतीत राहतं. मग शांतानं कंबर शेकली, तेल लावून रगडली, मला सतरंजीवर झोपवलं, डिंकाचे लाडू केले, आणि मी आपला पालथा पडून हाय हाय करायचो, ती म्हणायची बघा, उतरायलंय ना दुखणं. मंगल, आमची एकुलती एक, दारात उभी राहून बघायची.

आणि नेमकं त्याच दिवसांत मंगलचं ठरलं. मुलगा प्रकाश, तारनाक्याला राहायचे ते लोक, मूळचे नांदेडकडचेच, वडील रेल्वेत, पोरगा एका ऑफिसात हिशेब बघायचा आणि संध्याकाळी कॉम्प्युटर शिकायचा. चांगलं स्थळ. तारीख मार्गशीर्षातली धरली, काचीगुड्यालाच हॉल घेतला, सगळे खूष, मला सोडून. कारण तुम्हाला सांगतो, आमच्यात कन्यादानाला आई-बाप पाटावर बसतात. लाकडी पाट, मांडी घालून, आणि आमचे गुरुजी असे की एक मंत्र गाळायचे नाहीत. खुर्चीत मला दोन मिनिटं बसवेना, पाटावर मी काय बसणार. आणि मधूनच उठलो तर पाव्हणे म्हणणार की मुलीच्या बापाचं काहीतरी बिनसलंय.

शांताचा भाऊ किसनराव, नांदेडला कपड्याचं दुकान, त्याला कळलं की भावजींची कंबर गेली, तर तो लगेच येऊन म्हणला काळजी नको, भावजी, तुम्हाला नाही जमलं तर कन्यादानाला मी आणि आमची मंडळी बसू, हाय काय अन् नाय काय. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठल्याही कार्यात पहिल्या पाटावर बसायची लई हौस, बारशात सुद्धा पाळण्याच्या पुढं हाच. मी जन्मभर लोकांसाठी बसलो, बसण्याचं खाल्लं, आणि माझ्या एकुलत्या पोरीच्या लग्नात माझ्या पाटावर किसनराव बसणार. मला तो ठणका त्या जागेच्या ठणक्यापेक्षा जास्त लागला, खोटं नाही बोलत.

मग मी माझं डोकं चालवलं, आणि तिथंच सगळं बिघडलं. मी म्हणलं, हे जे काय आहे ते मूळव्याध आहे, आणि भाकरी आहे खरखरीत, पालेभाजीत दोरे, तर ते आतून घासत असणार. म्हणून मी भाकरी सोडली, भाजी सोडली, वरणातली साल सुद्धा काढायला लावली, आणि धरला मऊ मऊ आहार, पांढरा भात, बटर, पाव, बिस्किट. मला वाटायचं आत मऊ गेलं की बाहेर मऊ येईल. शांता म्हणायची अवो, ज्वारीवर वाढलेला माणूस, भाकरीनं कधी कुणाची कंबर दुखली का. आणि दुखायच्या भीतीनं एक दिवस आड जायला लागलो, मग दोन दिवस आड, आणि जितकं टाळावं तितकं ते दगड होऊन यायचं, आणि दगड आला की परत तीच काच, परत तीच बादली, परत तेच अयिपोयिंदा.

रस्त्यानं जाताना भिंतीभिंतीवर जाहिराती, बवासीर म्हणजे मूळव्याध, भगंदर, सगळं एका सुईत खलास. एकदा धीर करून अशाच एका दवाखान्याचा जिना चढलो, पत्र्याची पाटी, बाहेर बाकडं, त्या बाकड्यावर पण कुणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे. तेवढ्यात आतून असा आवाज आला की मी जिना उलटा कधी उतरलो ते मला कळलं नाही. आणि चहाच्या हॉटेलात एकजण सांगायचा की त्याच्या साडूनं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन केलं, तवापासून तो उशी घेऊन फिरतो. खरं-खोटं त्याला माहीत, पण मी ठरवलं, मरेन पण कापून घेणार नाही.

दुकानात मी आता नव्या पद्धतीनं बसायला लागलो, म्हणजे एका बाजूनं, अर्धा आत अर्धा बाहेर, हात खुर्चीच्या दांडीवर रोवून. एका गिऱ्हाइकानं विचारलं असंच बसायचं असतं का हिच्यात. मी म्हणलं हौ साहेब, परदेशात असंच बसतात.

मग एक दिवस कॉम्प्युटर कंपनीचे एक साहेब आले, सोबत एक बाई, दोघं इंग्रजीत बोलणारी, त्यांना सगळ्या ऑफिसला खुर्च्या पाहिजेत. सेठ स्वतः गल्ला सोडून आले, म्हणले नागोराव, साहेबांना बसून दाखव, नीट दाखव, पाठ टेकून, एक गिरकी घेऊन. आता सेठसमोर अर्धं कसं बसणार. मी देवाचं नाव घेतलं आणि पूर्ण बसलो. गिरकी घेतली. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेब घाबरले, काय झालं ह्यांना. सेठचा चेहरा पडला. आणि तिथं कोपऱ्यात खाजाभाई होते, आमचे पॉलिशवाले, माझ्याआधीपासून दुकानात, हातात पॉलिशचं फडकं, ते एकदम शांतपणे म्हणले, कुछ नहीं साब, इत्ता आराम है की रोना आ गया.

बाई हसल्या, साहेब हसले, आणि सगळ्या खुर्च्या गेल्या. सेठनं मला मिठाई दिली. मी ती मिठाई उभ्यानं खाल्ली.

संध्याकाळी खाजाभाईंनी मला गोदामात नेलं, म्हणले नागो, मेरेकू नक्को सिखाओ, कमर का दर्द ऐसा नई रहता. मग माझा बांध फुटला, सगळं सांगितलं. ते म्हणले त्यांना पण झालं होतं, मागं, आणि त्यांनी पण असाच येडेपणा केला होता, आणि बवासीर की काय ते आपण ठरवायचं नाही, रक्त पडायलंय तर आधी दाखवायचं. तारनाक्याच्या अलीकडं एक डॉक्टर आहेत, ऑपरेशनवाल्या आहेत पण कापत नाहीत. मी ऑपरेशनवाले एवढंच ऐकून गार पडलो. वाल्या हे ऐकलंच नाही.

तिथं गेलो तर खुर्चीत बाई. माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या, डोक्यात मोगऱ्याचा गजरा, नाकात दोन्ही बाजूला चमक्या, तेलुगू. मी म्हणलं कंबर दुखती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणल्या बसा. मी उभा. म्हणल्या, बसता येत नाही अशी कंबर मी रोज बघते, चला तिकडं आडवे व्हा. काय सांगू तुम्हाला, मी भिंतीकडं तोंड करून जेवढे देव आठवले तेवढे म्हणले, आणि बाई आपल्या नर्सशी रेशनच्या तांदळाबद्दल बोलत बोलत क्षणात बघून मोकळ्या. आत काही घातलं नाही, नुसतं बाजूला सारून बघितलं, दुखतंय तर आज एवढंच पुरे म्हणल्या.

मग त्यांनी समजावलं, तोडक्या मराठीत, मधे तेलुगू, मधे हिंदी. ही मूळव्याध नाही. मूळव्याधीत रग, म्हणजे शीर, फुगते, ही नुसती चीर आहे, थंडीत ओठ फाटतो तशी. फाटलेला ओठ तुम्ही रोज हसून परत फाडला तर भरेल का. नाही म्हणलं. तेच करायलाव तुम्ही. कडक होतं, त्यानं फाटतं, दुखतं म्हणून ती जागा आवळून धरती, आवळली की तिथं रक्त पोचत नाही, मग जखम भरत नाही, आणि तुम्ही भीतीनं जात नाही, म्हणून अजून कडक होतं. गोल गोल फिरायलाव, तुमच्या खुर्चीसारखं. मी विचारलं, मग कापायचं. बाई म्हणल्या, कत्ति अक्करलेदु, सुरी नको, बहुतेकांची अशीच भरती, धीर धरला तर. नाही भरली तर मग बघू, तेव्हा पण मरत नाही कुणी.

आणि खायला काय, विचारलं. मी अभिमानानं सांगितलं की बाई, मी सगळं खरखरीत बंद केलंय, भाकरी बंद, भाजी बंद. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणल्या, अहो तेच तर औषध होतं तुमच्या घरात. ज्वारीच्या कोंड्यानं आणि पालेभाजीनं मळ मऊ राहतो, पाणी धरून राहतो, आणि पांढऱ्या भातानं नि बिस्किटानं दगड. मिरची काही दिवस कमी करा. पाणी प्या, किल्ली मागायची लाज वाटती तर सेठला सांगा मी सांगितलं. रात्री इसबगोल, भरपूर पाण्यातून, पाणी कमी घ्याल तर उलटंच होईल. कळ आली की जायचं, थांबवायचं नाही, जोर करायचा नाही, पेपर घेऊन बसायचं नाही. लावायला मलम दिलं, ते किती नि कसं ते नर्सनं समजावलं. आणि जाऊन आलं की कोमट पाण्यात बसायचं, टबात, आवळलेलं ढिलं होतं त्यानं. मला वाटलं एवढंच. जन्मभर बसलो, आता पाण्यात बसायचं.

टब कुठून आणायचा. खाजाभाई मला बेगमबाजारला घेऊन गेले, भांड्यांच्या दुकानात. तिथं एक स्टीलचं घंगाळ मला बरं दिसलं, रुंद, काठ गोल, पण आमचा धंदाच असा की बसून बघितल्याशिवाय माल घ्यायचा नाही. हात आपोआप काठावर गेले आणि मी बसलो, भर दुकानात, कपड्यांसकट, अगदी सेठनं शिकवलं तसा, पाठ सरळ. दुकानदार बघतच राहिला, म्हणला लेकराच्या आंघोळीला पाहिजे ना. मी म्हणलं हौ, लेकराच्या. खाजाभाई म्हणले, बच्चा बड़ा है ज़रा.

घरी आणलं तर शांता इतकी खूष झाली, म्हणली बरं झालं, लग्नात नवरदेवाचे पाय धुवायला पाहिजेच होतं, आणि मी काही बोलायच्या आत तिनं घंगाळाला हळद-कुंकू लावून देवापुढं ठेवलं. आता आली का पंचाईत. देवापुढचं उचलून मी त्यात बसू कसा. मग मंगल बाहेर गेल्याचं बघून मी सांगितलं, अगं ते माझ्यासाठी आहे, आणि सगळं सांगितलं. आधी ती हसली, तोंडात पदर कोंबून हसली, खाली बसून हसली, आणि मग जी चिडली. म्हणली, इतके दिवस मी नको त्या जागेला तेल लावायले आणि तुम्ही लावून घ्यायलाव. रक्त पडायलं तरी सांगितलं नाही, उद्या काय झालं असतं म्हणजे. रडली पण. मग डोळे पुसून उठली, देवाची माफी मागितली, घंगाळावरचं कुंकू पुसलं आणि चुलीवर पाणी ठेवलं.

नवरदेवाच्या पायासाठी पितळी घंगाळ किसनराव आणणार असं ठरलं, मामाचा आहेर म्हणून. तो म्हणला असं घंगाळ आणतो की हॉल बघत राहील.

तवापासून शांतानं मला जे धरलं, भाकरी, शेपूची भाजी, आंबाडी, पपई, हातात तांब्या घेऊन मागं मागं, प्या म्हणजे प्या. सकाळी मी अंगणातून आलो की आतल्या खोलीत घंगाळ तयार, हात घालून ती बघायची, फार कढत नको, नाहीतर पोळाल. मी बसायचो आणि काय सांगू तुम्हाला, ते कोमट पाणी, ते सुख, सेठच्या सगळ्या दुकानात तसली खुर्ची नव्हती. मंगलला सांगितलं की कंबरेला शेक आहे. ती हौ अप्पा म्हणायची आणि खाली मान घालून पाणी तापवायची.

हळूहळू आग कमी झाली. आणि आग कमी झाली की माणूस शहाणा होतो. साखरपुड्याला किसनरावच्या आग्रहानं मी बिर्याणी खाल्ली, मिरचीचं सालन खाल्लं, इसबगोल तर आधीच बंद केलं होतं, बरं झालं म्हणून, आणि परत काच. डॉक्टरबाईंकडं गेलो तर त्या अशा रागावल्या की बाहेरचे पेशंट सरळ झाले. म्हणल्या, वरून साय आली म्हणून जखम भरली का, आत कच्ची आहे, बरं वाटलं तरी चालूच ठेवायचं, मी सांगेन तेव्हा थांबायचं. मी म्हणलं बाई, मार्गशीर्षात मला पाटावर बसायचंय, पोरीचं कन्यादान आहे, नाहीतर मेहुणा बसतो. त्या म्हणल्या, तर मग मेहुण्याची बिर्याणी खाऊ नका. परत पहिल्यापासून सुरू केलं. कधी वाटायचं होईल, कधी वाटायचं किसनरावच बसणार. शांता गुपचूप पाट काढून ठेवायची, मी त्याच्यावर बसून बघायचो, कधी एक आरती होईपर्यंत, कधी भाजी शिजेपर्यंत.

लग्नाचा दिवस आला. मी घरून जाऊन आलो होतो, घंगाळात बसून आलो होतो, मलम लावलं होतं, कन्यादानाच्या आई-बापाला उपास असतो, तरी भगर न खाता भाकरी खाऊन निघालो होतो. हॉलमध्ये पाट मांडले. किसनराव नवं धोतर नेसून अगदी पाटाजवळ उभा, म्हणला भावजी, उगं ताण घेऊ नका, मी आहे. मी म्हणलं सरका जरा. आणि बसलो. शांता शेजारी. मांडी घातली, पाठ सरळ केली, आणि वाट बघितली की आता येती, आता येती. नाही आली.

गुरुजी म्हणले पाय धुवायचं घंगाळ आणा. किसनरावचा चेहरा पांढरा. पितळी घंगाळ नांदेडला घरीच राहिलं होतं, उंबऱ्याजवळ काढून ठेवलेलं. पण हार मानणारा माणूस नाही, म्हणला आलोच, आणि पळाला. आमचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत. गुरुजींनी मंत्र लांबवले. थोड्या वेळानं किसनराव धापा टाकत आला, दोन्ही हातांत उंच धरून, सगळ्या मांडवाला दिसेल असं, म्हणला मिळालं, आतल्या खोलीत होतं, बघा, नवं कोरं.

स्टीलचं. शांता रोज राख लावून घासायची, त्यामुळं आरशासारखं लखलखायलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. गुरुजींनी त्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. किसनरावनं स्वयंपाकघरातून कोमट पाणी आणून ओतलं. जावईबापूंनी पाय आत ठेवले आणि म्हणले वा, बरं वाटलं. मी म्हणलं हौ बापू, वाटतं. आणि धुतले पाय. शांता पाणी ओतायली आणि तिचे खांदे हलायले, बायका म्हणल्या, आईच ती, भरून आलंय.

मग कन्यादान. मंगलचा हात माझ्या हातात, वरून पाण्याची धार, गुरुजींचा मंत्र काही संपेना. आणि पोरगी मान खाली घातलेली, मुंडावळ्यांच्या आडून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणली, अप्पा, दुखत नाही ना?

तिला पहिल्यापासून माहीत होतं. त्या दोन खोल्यांत काय लपणार होतं. सकाळी सुब्बम्माला बोलण्यात गुंतवून ठेवायची ती मंगलच, हे मला तेव्हा कळलं, कारण मागच्या कितीतरी दिवसांत बादली वाजलीच नव्हती. मी म्हणलं नाही गं बाई, काही दुखत नाही. आणि खरंच नव्हतं दुखत. आणि घळाघळा रडायला लागलो, तिचा हात हातात घेऊन, पाटावर बसून. व्याही घाबरले, म्हणले काय झालं हो ह्यांना. तिसऱ्या ओळीत खाजाभाई होते, शेरवानी घालून. म्हणले, कुछ नहीं साब, आराम है.

झाली त्याला बरीच वर्षं. सेठ गेले, दुकान त्यांचा मुलगा बघतो, मी आता घरीच. डॉक्टरबाई पण थकल्या, त्यांची भाची बसते तिथं. जावईबापू कॉम्प्युटरमध्ये मोठे झाले, तिकडं लांब काचेच्या बिल्डिंगीत ऑफिस, सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत्या खुर्चीत. आणि गेल्या महिन्यात मंगलचा फोन, आवाज बारीक, अप्पा, ह्यांची कंबर दुखायली. मी म्हणलं कसली कंबर. ती म्हणली, तुमच्यासारखी.

मी लगेच रिक्षा केली आणि तारनाक्याला गेलो, घंगाळ मांडीवर घेऊन. बापू दार उघडायला आले, एका बाजूनं चालत. त्यांनी घंगाळ बघितलं आणि तिथंच थांबले. म्हणले अप्पा, हे तर लग्नातलं ना, माझे पाय धुतलेलं, इतकी वर्षं तुम्ही जपून ठेवलं. आणि त्यांचे डोळे भरून आले हो. मी म्हणलं, जपलं बापू, रोज जपलं. मंगल आत पळाली, तिचा हसण्याचा आवाज आला. मग मी बापूंना बाजूला घेऊन दुखण्याचं सगळं समजावलं, घंगाळाचं तेवढं सोडून, आधी डॉक्टरला दाखवून आणलं, मगच पाणी तापवलं. ते आता बरे आहेत, ज्वारीची भाकरी खायलेत, रोज बसायलेत घंगाळात. मात्र बसायच्या आधी त्याला नमस्कार करतात, सासऱ्यानं पाय धुतलेलं भांडं म्हणून.

त्यामुळं तुम्ही हे सगळं लिहा, काही गाळू नका. बापूंना मराठी बोलता चांगलं येतं, वाचता येत नाही, शाळा सगळी इंग्रजीत झाली. मंगलला येतं, पण ती सांगायची नाही, माझीच पोरगी आहे. बरं, तुम्ही कवापासून त्या स्टुलावर बसून लिहायलाव, उठा जरा, पाय मोकळे करा, शांता पाणी आणायली ते सगळं प्या. देव तुम्हाला जन्मभर सुखानं बसवो.